रविताने मोजलेले दात

मित्रांनो, माझ्यावर बसायला आजवर कोणीही हसत हसत आलेलं नाही. मी एक जुनी खुर्ची आहे. पण घरातली नव्हे, शाळेतली नव्हे आणि एखाद्या मंत्र्याची तर मुळीच नव्हे. मी दातांच्या दवाखान्यातली खुर्ची आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावात, बाजाराच्या रस्त्यावर, डॉ. चंद्रकुमार रहांगडाले यांचा दवाखाना आहे. त्याच्या मागच्या ओसरीत टिनाखाली सध्या माझा मुक्काम असतो. शेजारच्या कोंबड्या माझ्या पाय ठेवायच्या पाटीवर येऊन बसतात. त्यांना दात नसल्यामुळे आमचं बरं जमतं.

माझा जन्म खूप दूरच्या एका कारखान्यात झाला. लोखंडाचा सांगाडा, आत तेलाचा पंप, वर स्पंजाची गादी आणि तिच्यावर हिरवं रेक्झिन. पायाने दांडी दाबली की मी वर जायची आणि दुसरी दाबली की हळूच मागे रेलायची. डोक्यावर गोल दिवा होता आणि डाव्या हाताला थुंकायचं भांडं. गोंदियाहून मी मिनीट्रकमध्ये आले, तेव्हा मला उतरवायला पाच माणसं लागली आणि बघायला पन्नास जमली. उद्घाटनाच्या दिवशी नारळ फुटला, माझ्या हातांना हळदकुंकू लागलं. डॉक्टरांच्या गावची मंडळी एकेक करून माझ्यावर बसली आणि फोटो काढून घेऊन उतरली. एकानेही तोंड उघडलं नाही. लग्नातल्या सिंहासनासारखा माझा थाट होता, आणि मलाही तो खराच वाटला.

डॉक्टर तेव्हा तरुण होते. दात वाचवण्यासाठी असतात, काढण्यासाठी नसतात, असं ते प्रत्येकाला समजावून सांगत. आमच्याकडची माणसं मात्र दवाखान्याची पायरी सगळे उपाय संपल्यावरच चढतात. आधी लवंग होते, मग मेडिकलमधली गोळी होते, मग गुडाखू. गुडाखू म्हणजे तंबाखू आणि गुळाची काळी पेस्ट, डबीत मिळते. बाया ती बोटाने हिरड्यांवर घासतात आणि दुखणं झोपी घालतात. सालेकसाकडच्या फुलवंताबाई आल्या तेव्हा त्यांची दाढ नावापुरती उरली होती. डॉक्टर अर्धा तास त्यांना दात कसा वाचेल ते सांगत होते. फुलवंताबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "काहाडून टाका जी. बस जाईल माही."

असं वर्षानुवर्षं चाललं. हळूहळू डॉक्टरांचं समजावणं आखूड होत गेलं. पुढे पुढे ते नुसतं विचारत, "काढायचा ना?" समोरचा मान हलवी आणि पकड उचलली जाई. त्यांनी पाच वर्षं शिकलेल्या शंभर गोष्टींपैकी गोरेगावाला एकच हवी होती. याचं त्यांना वाईट वाटायचं. रोगी नसला की ते माझ्यावरच आडवे होत आणि छताकडे बघत पडून राहत.

आता खर्ऱ्याची गोष्ट सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं तिच्यातून आलं. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घालून घोटतात, त्याला आमच्याकडे खर्रा म्हणतात. पानठेल्यावर, बांधावर, तेरवीला, साक्षगंधाला म्हणजे साखरपुड्याला, सगळीकडे तो असतो. दोन माणसं भेटली की एकाने पन्नी सोडायची आणि दुसऱ्याने चिमूट घ्यायची. ती नाकारली तर तुम्ही त्या माणसालाच नाकारलं, असा इथला हिशेब आहे. खर्ऱ्याने गाल आतून कडक होत जातात आणि तोंड उघडेनासं होतं. उभी तीन बोटं तोंडात गेली तर बरं, दोनच गेली तर काळजी, असं डॉक्टरांचं साधं माप होतं. ते माप त्यांनी शेकडो माणसांना लावलं, त्यांना रागावले, भिंतीवर सडलेल्या गालांची चित्रं लावली. आणि बाजाराच्या दिवशी ओळखीचं कोणी येऊन पन्नी पुढे केली, की स्वतः चिमूटभर तोंडात टाकली. मित्रांनो, माझे डॉक्टर वाईट नव्हते, पण या एका बाबतीत ते डॉक्टर नव्हते, गोरेगावचे होते.

गेल्या वर्षी आषाढात खुमेंद्र बिसेन पहिल्यांदा दवाखान्यात आले. गोरेगावपासून दोन कोसांवरच्या गावचे धानाचे शेतकरी. घरचं खाऊनपिऊन बरं होतं. कपडे स्वच्छ, बोलणं हळू, आणि बोलताना ओठ फारसे न हलवण्याची सवय. त्यांना डॉक्टरांनी माझ्यावर बसायला सांगितलं, तर ते दोन पावलं मागे सरले.

"नाही जी, मी रोगी नोहो. सल्ला घ्यायले आलो," म्हणाले आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले.

सल्ला मुलीबद्दलचा होता. रविता त्यांची एकुलती एक. दोनदा नीटची परीक्षा दिली. एमबीबीएसला लागतील तेवढे गुण काही आले नाहीत, पण दातांच्या कॉलेजात जागा मिळेल असं वाटत होतं. गावातला प्रत्येकजण आपापलं सांगत होता. कोणी म्हणे तिसऱ्यांदा परीक्षा दे, कोणी म्हणे नर्सिंगला टाका, कोणी म्हणे दातांचा डॉक्टर हा काय डॉक्टर असतो. म्हणून खुमेंद्रभाऊ सरळ दातांच्या डॉक्टरकडेच आले होते. त्यांना एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. हे काम आपल्या रविताच्या जोगतं आहे का?

हा प्रश्न घेऊन ते प्रत्येक बाजाराच्या दिवशी येऊ लागले. बाजार उरकायचा, पिशवी दाराशी ठेवायची, स्टुलावर बसायचं आणि पन्नी सोडायची. "घ्या जी." डॉक्टर चिमूट घ्यायचे आणि दोघे बोलायचे. डॉक्टर कधी म्हणत, मान मोडते, कंबर मोडते, दिवसभर लोकांच्या तोंडात बघावं लागतं. कधी म्हणत, पाच वर्षं शिकून पोरगी इथं आली तर लोक म्हणतील काढून टाका. आणि एखाद्या दिवशी मन बरं असलं की सांगत, रात्रभर ठणकणारा माणूस सकाळी माझ्या हातून शांत होऊन जातो, ते सुख दुसऱ्या कशात नाही. खुमेंद्रभाऊ सगळं ऐकायचे. माझ्यापासून दोन हातांवर बसायचे. दोन महिन्यांत ते सात-आठ वेळा आले असतील, पण एकदाही माझ्याकडे सरकले नाहीत. आणि डॉक्टरांनीही त्यांना पुन्हा कधी म्हटलं नाही. पाहुण्याला कोणी तोंड उघडायला सांगतं का?

शेवटी डॉक्टर म्हणाले, "माह्या सांगण्यानं कायले ठरवता? पोरीले पाठवा पंधरा दिवस. बसून पाहू द्या. तिले आपोआप समजते."

रविता आली. सडसडीत, थोडी घाबरट, ओढणी पिन लावून घट्ट बसवलेली. पहिल्या दिवशी एका म्हाताऱ्याची दाढ निघताना तिने डोळे मिटून घेतले. ती जाताना डॉक्टरांनी तिच्या हातात खडूची कांडी आणि एक जुनं ब्लेड दिलं आणि घरी एक दाढ कोरून आणायला सांगितली. त्यांच्या कॉलेजात पोरांचा हात असाच बघत असत. दुसऱ्या दिवशी तिने दाढ आणली. डॉक्टरांनी ती उलटसुलट करून पाहिली. चारही उंचवटे जागच्या जागी होते आणि मधली खाचही होती. "कोणाची पाहून काढली?" त्यांनी विचारलं. "आईची," रविता म्हणाली. "ती जांभई देऊन राहिली होती." डॉक्टर त्या दिवशी कितीतरी दिवसांनी मोठ्याने हसले.

मग ती रमली. हातमोजे घालून आरसा धरायला शिकली, दिवा कुठे वळवायचा ते शिकली, तीन बोटांचं माप शिकली. पण शिकवून येत नाही अशी एक गोष्ट तिच्यात आधीपासूनच होती. ती रोग्याच्या खांद्यावर डावा हात ठेवायची आणि घाई करायची नाही. केशोरीकडून आलेली एक बाई दात काढा म्हणूनच हटून बसली होती. रविताने तिच्या हातात आरसा दिला, तिचाच दात तिला दाखवला आणि म्हणाली, "मावशी, हा अजून जिवंत आहे. याले काऊन मारता?" त्या बाईने दात वाचवून घेतला. कितीतरी महिन्यांनी माझ्यावर एक दात वाचला होता.

मित्रांनो, खरं सांगते, मला त्या पंधरा दिवसांत म्हातारपण विसरायला झालं. ही मुलगी शिकून परत येईल, मला नवं रेक्झिन लावेल, अशी स्वप्नं मी बघू लागले. रविता स्वतःच एका दुपारी म्हणाली, "सर, लोक म्हणतात एमबीबीएस नाही भेटलं म्हणून हे. पन तसं नाही. मले हेच कराचं आहे." तिला ठामपणे बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं.

भाद्रपदात तिचं नाव लागलं. नागपूरच्याही दोन तास पुढच्या शहरातलं दातांचं कॉलेज होतं. फक्त शुक्रवारीच, संध्याकाळी पाचपर्यंत, तिने स्वतः मूळ कागदपत्रं घेऊन हजर व्हायचं होतं, नाहीतर जागा जाणार होती. मंगळवारी खुमेंद्रभाऊ रविताबरोबर पेढे घेऊन आले. त्या दिवशी ते उभेच होते, स्टुलावरही बसत नव्हते. डॉक्टर इतके खुश होते की त्यांना गंमत सुचली.

"खुमेंद्रभाऊ, आज तुमी पेशंट. भावी डॉक्टरनीचा पहिला पेशंट बापच झाला पाहिजे. बसा खुर्चीवर. रविता, बाबूजींचे दात मोज."

"राहू द्या जी," ते म्हणाले. हसले, पण ओठ मिटूनच.

"बसा न बाबूजी," रविता म्हणाली.

मुलीचा शब्द त्यांना मोडवेना. ते माझ्यावर बसले. मी हजारो माणसं तोलली आहेत, भीतीने माणूस कसा जड होतो ते मला कळतं. त्यांनी माझे दोन्ही हात इतके घट्ट धरले होते की उजवीकडचं रेक्झिन करकरलं. रविताने दिवा लावला, त्यांच्या खांद्यावर डावा हात ठेवला आणि म्हणाली, "आ करा."

त्यांनी आ केला. रविताने सवयीने बोटं उभी धरली. तीन गेली नाहीत. दोनही गेली नाहीत. तिने डॉक्टरांकडे बघितलं नाही. एक बोट आडवं घालून ती दात मोजू लागली. वरचे मोजले, खालचे उजवे मोजले, मग डावीकडे वळली. एक, दोन, तीन, चार. शेवटच्या दाढेमागे, गालाच्या आतल्या बाजूला तिचं बोट थांबलं. तिथून ते पुढेही गेलं नाही आणि मागेही आलं नाही.

"सर, इथं कडक आहे," ती म्हणाली. "आणि मधात खड्डा आहे."

डॉक्टर वाकले. त्यांनी आरसा घातला आणि बराच वेळ बघत राहिले. त्यांच्या स्वतःच्या गालात अजून सकाळची चिमूट होती. ती त्यांनी गिळली की थुंकली, मला आठवत नाही. उठले तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"किती दिवस झाले?"

"झाला असंल एखादा साल," खुमेंद्रभाऊ म्हणाले. "तिखट लागे. मंग भात कुस्करून खात होतो."

"अन तुमी दर बाजाराले इथं येऊन राहिले. माह्यासमोर बसून राहिले. काऊन नाही सांगितलं जी?"

खुमेंद्रभाऊंनी रुमालाने ओठ पुसले. "मी पोरीसाठी येऊन राहिलो होतो. माह्यासाठी नाही."

पेढ्यांचा पुडा टेबलावर उघडाच होता.

नागपूरला ताबडतोब दाखवा, असं डॉक्टरांनी सांगितलं. फोन करून तिथल्या मोठ्या दवाखान्यात शुक्रवारचा नंबरही मिळवला. खुमेंद्रभाऊ ऐकेनात. आधी ॲडमिशन, मग नागपूर, म्हणाले. एक साल थांबलं तिथं एक आठवडा आणखी. पण रविता बापाला ओळखून होती. एकदा ती कॉलेजात गेली की हा माणूस धान कापणीपर्यंत नागपूरचं नाव काढणार नाही, आणि कापणीनंतर चुरणी म्हणजे मळणी असते, चुरणीनंतर आणखी काही असतं. तिने तिथेच, माझ्या डाव्या हातावर हात टेकून सांगितलं, "तुमी शुक्रवारी नागपूरले चला. नाहीतर मी कुठीच जात नाही." कुंताबाईंना, तिच्या आईला, मोठ्या दवाखान्यातल्या पाट्या वाचता येत नव्हत्या. जवळचं दुसरं कोणी नव्हतं. सकाळी दाखवून दुपारच्या गाडीने पुढे निघू, असा रविताने हिशेब केला.

डॉक्टर खुमेंद्रभाऊंना स्वतः घेऊन जाऊ शकले असते. रविता कॉलेजला गेली असती, ते नागपूरला. दवाखाना एक दिवस बंद राहिला असता, आणि गोरेगावात एक दिवस दाढा निघाल्या नसत्या तर आभाळ कोसळलं नसतं. त्यांना हे सुचलं नाही असंही नाही. गुरुवारी ते दोनदा फोन हातात घेऊन उभे राहिले आणि दोनदा ठेवून दिला. दोन महिने ज्याच्या पन्नीतून खाल्लं, त्याच्याशेजारी रेल्वेच्या बाकावर चार तास बसायची लाज त्यांना सोसवली नाही. शुक्रवारी दिवसभर त्यांनी नेहमीसारखी कामं केली. पाच वाजले तेव्हा त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. मीही पाहिलं. नंतर कळलं, नागपूरला खुमेंद्रभाऊंना त्याच दिवशी भरती करून घेतलं होतं आणि रविता तेव्हा दवाखान्याच्या पैसे भरायच्या खिडकीसमोर रांगेत उभी होती. कॉलेजातली जागा गेली.

ऑपरेशनमध्ये डावा जबडा गेला. नंतर बत्तीस वेळा किरणं दिली. घरी आले तेव्हा खुमेंद्रभाऊ नळीतून पातळ पेज घेत होते आणि बोलणं संपलं होतं. डॉक्टरांनी खर्रा त्याच महिन्यात सोडला. मला याचा आनंद व्हायला हवा होता, तो झाला नाही.

माझंही त्यानंतर फार दिवस चाललं नाही. तेल गळू लागलं, मागे रेलले की वर येता येईना. डॉक्टरांनी विजेवरची नवी खुर्ची आणली आणि मी ओसरीत आले. पण दवाखान्याचं मागचं दार उन्हाळ्यात उघडंच असतं, त्यामुळे मला आतलं ऐकू येतं आणि थोडंफार दिसतंही.

या चैत्रात खुमेंद्रभाऊ आणि रविता दोघे आले. खुमेंद्रभाऊंच्या चेहऱ्याची डावी बाजू आत गेली होती आणि गळ्यात रुमाल होता. कोपऱ्यातल्या त्याच स्टुलावर बसले. त्यांनी सोबत शाळेच्या पोरांची पाटी आणली होती. पाटीवर त्यांनी लिहिलं आणि डॉक्टरांपुढे धरलं. डॉक्टरांनी ते मोठ्याने वाचलं, बहुतेक गप्प राहणं जमलं नाही म्हणून. "पोरगी परीक्षा देत नाही म्हणते. तिले समजवा. हे काम तिच्या जोगतं आहे ना?"

"आहे," डॉक्टर म्हणाले. "माह्या पाहण्यात तरी एवढं जोगतं दुसरं कोनी नाही."

रविता भिंतीशी उभी होती. तिने मान हलवली. रडली नाही. तिच्या आवाजात रागही नव्हता, आणि म्हणूनच मला भीती वाटली.

"सर, मी आता कोनाच्याही तोंडात बोट घालतो न, तर मले तेच लागते. मागच्या महिन्यात आईचा दात दुखत होता. मले तिले आ करा म्हनताच नाही आलं." मग बापाच्या हातातली पाटी तिने हळूच घेतली आणि ओढणीच्या टोकाने पुसली. "गोंदियाले बीएचा फॉर्म भरतो मी. मराठी, इतिहास, जे भेटंल ते. घर सांभाळून होईल."

खुमेंद्रभाऊंनी पाटी परत मागितली. तिने दिली नाही. ते दोघे बाहेर पडले. डॉक्टर नव्या खुर्चीकडे वळले आणि त्यांनी पुढच्या रोग्याला हाक मारली.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूंनी गोष्टीच्या शेवटी तुमच्याकडे काहीतरी मागायचं असतं. मला तेल नको आणि नवं रेक्झिनही नको. तुमच्या घरात कोणी तिखट टाळू लागलं, हसताना ओठ मिटू लागलं, भात कुस्करून खाऊ लागलं, तर त्याला विचारत बसू नका. तो सांगणार नाही, तो कोणा दुसऱ्यासाठी आलेला असेल. त्याला उजेडात बसवा आणि आ करायला लावा. तुमचा पाहुणा असला तरी, तुमचा वडील असला तरी. आणि त्याचा खर्रा घेऊ नका.

रविताला मात्र हे सांगायला जाऊ नका. तिने वेळेवर नाही, पण बरोबर बघितलं होतं, आणि आता तिला पुन्हा बघायचं नाही.